विल आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचे 'तुमच्या राज्यासाठी' म्हणून मिळणारे रेडीमेड फॉर्म विकत घ्यावेत का? (टेक्सास)

मीनू_ऑस्टिन

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे आता ऑस्टिनजवळ आलोय. दोन मुलं आहेत, दोन्ही शाळेत. इथलं घर दोघांच्या नावावर आहे, आणि न्यू जर्सीतला काँडो (फ्लॅट) विकला नाहीये, भाड्याने दिलाय. नवरा सिटिझन झालाय, मी ग्रीन कार्डवर. विल (मृत्युपत्र) नाही, कुणाला मुखत्यार करणारी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी नाही, आजारपणात निर्णय कोण घेणार त्याचा कागद नाही, म्हणजे काहीच नाही. डिसेंबरात चौघं एकाच विमानाने भारतात जायचंय आणि त्याच्या आधी मला हे सगळं करून हवंय, नाहीतर मला चैन पडणार नाही.

वकिलाकडे जायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही, म्हणून ऑनलाईन फॉर्म बघायला लागले तर अजूनच गोंधळ झाला. एका साईटवर लिहिलंय ५० राज्यांत चालेल असा एकच फॉर्म, दुसरीकडे प्रत्येक राज्याची वेगळी आवृत्ती आणि टेक्सासची जरा महाग, तिसरीकडे फुकट म्हणतात पण डाऊनलोड करताना क्रेडिट कार्ड मागतात. राज्याराज्यात खरंच इतका फरक असतो का, की नुसतं वरचं नाव बदलून विकतात? जर्सीत असताना एका मैत्रिणीने तिच्या विलचा कोरा नमुना दिला होता तो इथे वापरला तर चालेल का? आणि काँडो तिकडे आहे म्हणून तिकडचा वेगळा फॉर्म लागतो का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.

कागदोपत्री

मीनूताई, मी डॅलसकडे एका इस्टेट प्लॅनिंगच्या वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे. मी वकील नाही त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका, पण लोकांनी घरी भरून आणलेले फॉर्म माझ्या टेबलावर रोज येतात त्यावरून सांगते.

फरक असतो, आणि तो बहुतेक वेळा लोक जिथे बघतात तिथे नसतो. "माझं सगळं माझ्या नवऱ्याला, तो नसेल तर मुलांना" हे वाक्य कुठल्याही राज्यात सारखंच. पण टेक्सासमध्ये एक खास गोष्ट आहे, इंडिपेंडंट एक्झिक्युटर. एक्झिक्युटर म्हणजे विलप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस. तुमच्या विलमध्ये एक्झिक्युटरला 'इंडिपेंडंट' म्हणून नेमलेलं असेल, आणि विल दाखल करणं आणि मालमत्तेची यादी देणं एवढं सोडून बाकी कशासाठी प्रोबेट कोर्टाची (विल तपासून मंजूर करणाऱ्या कोर्टाची) कारवाई लागू नये असं लिहिलेलं असेल, तर तुमचा माणूस कोर्टाला फार न विचारता बँका, घर, देणी सगळं मार्गी लावू शकतो. तेच शब्द नसतील तर प्रत्येक मोठ्या गोष्टीला कोर्टाची परवानगी, बाँड (एक्झिक्युटरने द्यायची हमी), हिशोब, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. सगळ्या वारसांनी संमती दिली तर कोर्ट नंतरही तशी मुभा देतं पण वारस लहान मुलं असली की ती संमती गोळा करणंच किचकट होऊन बसतं. ५० राज्यांच्या एका फॉर्ममध्ये हे वाक्य बहुतेक नसतं कारण बाकीच्या बऱ्याच राज्यांत त्याची गरजच नाही. तेव्हा कुठलाही फॉर्म विकत घ्यायच्या आधी त्याचा नमुना उघडून 'इंडिपेंडंट' हा शब्द आणि बाँड माफ केल्याचं वाक्य आहे का ते शोधा. नसेल तर तो टेक्सासचा फॉर्म नाही, वर टेक्सास लिहिलेलं असलं तरी.

दुसरं सह्यांचं. टेक्सासमध्ये छापील विलवर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, साक्षीदार किमान १४ वर्षांचे हवेत आणि त्यांनी तुमच्या समोर सही करायची. विल व्हॅलिड व्हायला नोटरी लागत नाही! नोटरी लागतो तो शेवटच्या सेल्फ-प्रूव्हिंग अ‍ॅफिडेव्हिटला, म्हणजे उद्या साक्षीदारांना कोर्टात शोधून आणावं लागू नये म्हणून. लोक उलटं करतात, नोटरीचा शिक्का घेतात आणि साक्षीदारच नसतात. तसा कागद इथे विल म्हणून उभा राहत नाही.

आणि ज्याला विलमध्ये काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, त्याचा वाटा रद्द होऊ शकतो.

मधला_मार्ग

विकत घ्यायच्या आधी फुकटचे बघा की. टेक्सास सुप्रीम कोर्टाने स्वतः मंजूर केलेले साध्या विलचे फॉर्म आहेत, लग्न झालेल्यांसाठी, न झालेल्यांसाठी, मुलं असलेल्यांसाठी असे वेगवेगळे. टेक्सासलॉहेल्प या साईटवर बघा, ऑस्टिनची स्टेट लॉ लायब्ररी पण फॉर्मची विषयवार यादी ठेवते. मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणि डायरेक्टिव्ह टू फिजिशियन्स, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे बद्दलच्या इच्छा, यांचे नमुने कायद्यातच छापलेले आहेत आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या साईटवर मिळतात. पैशांच्या व्यवहाराची स्टॅच्युटरी (कायद्यात नमुना दिलेली) ड्युरेबल (आपण निर्णय घेऊ शकत नसलो तरी चालू राहणारी) पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पण तशीच, नमुना टेक्सासच्या इस्टेट्स कोड या कायद्यातच आहे. हे सगळं जर सरकारी आणि फुकट आहे तर त्याच्यावर रंगीत मुखपृष्ठ लावून विकणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे हे मला कळत नाही.

कॅलिफोर्नियात पण असंच आहे, तिथे तर कायद्यातच स्टॅच्युटरी विल आहे, रकाने भरायचे आणि दोन साक्षीदारांसमोर सही. इलिनॉयमध्ये सुप्रीम कोर्टाने मंजूर केलेले फॉर्म राज्यातल्या सगळ्या कोर्टांना स्वीकारावेच लागतात.

आणि ते क्रेडिट कार्ड मागणारे 'फुकट'वाले, त्यातल्या बऱ्याच साईटवर आठवड्याची फ्री ट्रायल असते आणि नंतर दर महिन्याला पैसे कापले जातात, फॉर्म एकदाच लागतो आणि सबस्क्रिप्शन चालूच राहतं. कार्ड देण्याआधी रद्द कसं करायचं ते वाचा, आणि रद्द केल्यावर तुमचा भरलेला फॉर्म वर्ड फाईलमध्ये तुमच्याकडे राहतो का तेही.

बेकर्सफील्ड

मी थोडा वेगळा विचार मांडतो. फुकट म्हणजे नेहमी चांगलं असं नाही. सरकारी नमुना कोरा असतो, तो तुम्हाला प्रश्न विचारत नाही. चांगलं सॉफ्टवेअर असेल तर ते विचारतं, आधीच्या लग्नाची मुलं आहेत का, दुसऱ्या राज्यात जमीन आहे का, कुणा मुलाला अपंगत्वामुळे सरकारी मदत मिळते का, आणि त्याप्रमाणे कलमं बदलतं किंवा सरळ सांगतं की तुमची केस आमच्याच्याने होणार नाही, वकिलाकडे जा. माझ्या मते पैसे द्यायचे तर त्या प्रश्नांसाठी द्यायचे, फॉर्मसाठी नाही. नोलो ही बर्कलीत सुरू झालेली कंपनी १९७१ पासून सामान्य माणसाला स्वतः कायदा हाताळता यावा म्हणून पुस्तकं आणि फॉर्म काढतेय, त्यांच्यासारख्यांचं मटेरियल वाचलं तरी निदान काय विचारायचं ते कळतं.

जाताजाता, टेक्सासचा इतिहास या बाबतीत मजेशीर आहे. १९९९ मध्ये डॅलसच्या फेडरल कोर्टाने क्विकन फॅमिली लॉयर नावाच्या सॉफ्टवेअरला म्हटलं की ही विनापरवाना वकिली आहे आणि टेक्सासमध्ये विकायचं नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदाच बदलला की पुस्तक, फॉर्म किंवा सॉफ्टवेअर विकणं म्हणजे वकिली नव्हे, फक्त हे वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही असं ठळकपणे लिहिलेलं पाहिजे, आणि मग वरच्या कोर्टाने तो मनाई हुकूम काढून टाकला. प्रत्येक फॉर्मवर ती सूचना असते ना, ती त्यामुळे गांभीर्याने वाचायची. तुमच्या राज्याचा फॉर्म तुमच्या परिस्थितीला बसतो की नाही हे ठरवायची जबाबदारी विकणाऱ्याने घेतलेली नसते, ती तुमच्यावर असते.

जुना_जर्सीकर

काँडोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मीनू, विल एकच पुरतं, दोन राज्यांसाठी दोन विल करू नका. टेक्सासच्या नियमाने बरोबर सह्या केलेलं विल न्यू जर्सीत मानलं जातं. पण काँडो ही न्यू जर्सीतली स्थावर मालमत्ता, त्यामुळे इथे प्रोबेट झाल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती घेऊन तिकडच्या काउंटीच्या सरोगेट कोर्टात (तिकडचं प्रोबेट कोर्ट) दुसरी छोटी प्रक्रिया करावी लागते, त्याला अ‍ॅन्सिलरी प्रोबेट म्हणतात. ती टाळायची असेल तर काँडो लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या न्यासात) टाकणं हा एक मार्ग, पण ट्रस्ट नुसता फॉर्म भरून होत नाही, काँडोचं डीड (मालकीचा दस्त) बदलून ट्रस्टच्या नावाने काउंटीत नोंदवावं लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात, मग ट्रस्टचं बाइंडर कपाटात आणि घर जुन्याच नावावर. कर्ज असेल तर बँकेला आणि असोसिएशनला पण आधी विचारा. डीडचं काम मी तरी फॉर्मवर करणार नाही, तेवढ्यापुरता जर्सीचा वकील धरा.

अजून एक. न्यू जर्सीने इस्टेट टॅक्स २०१८ पासून बंद केला पण इनहेरिटन्स टॅक्स (वारसाला मिळालेल्या मालमत्तेवरचा) अजून आहे आणि तुम्ही कुठेही राहत असलात तरी तो तिकडच्या घरावर लागतो. नवरा, बायको, मुलं, आईवडील यांना माफ. पण काँडो भावाला किंवा बहिणीला दिला तर पहिले २५,००० डॉलर सोडून त्यापुढे ११ टक्क्यांपासून सुरू होतो. भाचा किंवा मित्र असेल तर त्याहून जास्त. मनात भावाबहिणीला द्यायचं असेल तर हे आधी लक्षात घ्या, टेक्सासचा फॉर्म तुम्हाला हे सांगणार नाही कारण टेक्सासमध्ये असला टॅक्सच नाही.

आणि काँडो भाड्याने दिलाय म्हणता, तर लीज (भाडेकरार) कुठलं वापरलंत? घर ज्या राज्यात त्या राज्याचा कायदा, तुम्ही टेक्सासमध्ये बसून टेक्सासचं लीज डाऊनलोड करून पाठवू नका. जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते व्याज मिळणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवून भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. टेक्सासमध्ये डिपॉझिटला अशी मर्यादा नाही त्यामुळे टेक्सासच्या फॉर्ममध्ये तो रकाना मोकळाच असतो. शिवाय १९७४ च्या अँटी-इव्हिक्शन अ‍ॅक्टमुळे लीजची मुदत संपली एवढ्यावर भाडेकरूला काढता येत नाही, कायद्यात दिलेलं कारण लागतं. लीजमध्ये 'मुदत संपताच घर रिकामं करीन' असं छापून त्याने सही केली तरी ते कलम तिथे कामाचं नाही. १९७८ च्या आधीची बिल्डिंग असेल तर शिशाच्या रंगाची माहिती द्यायचा फेडरल फॉर्म, तो मात्र सगळ्या राज्यांत सारखा.

सनशाईन_काकू

मी फ्लोरिडात असते, आमच्याकडचे नियम ऐकलेस तर राज्याराज्यात किती फरक ते कळेल.

आमच्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीला दोन साक्षीदार आणि नोटरी दोन्ही लागतात. तुमच्या टेक्सासमध्ये पैशांच्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीला नोटरी पुरतो. न्यू यॉर्कने २०२१ च्या जूनमध्ये स्वतःचा नमुना बदलला आणि तिथेही आता नोटरीबरोबर दोन साक्षीदार. 'मी आजारी पडल्यावरच लागू होईल' अशी जी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असते ती फ्लोरिडात ऑक्टोबर २०११ पासून नव्याने करताच येत नाही, आणि बाहेरच्या फॉर्ममध्ये ते कलम सर्रास असतं. हाताने लिहिलेलं, साक्षीदार नसलेलं विल टेक्सासमध्ये चालतं, कॅलिफोर्नियात चालतं, आमच्याकडे अजिबात नाही, दुसऱ्या राज्यात व्हॅलिड झालेलं असलं तरी नाही. पेनसिल्व्हेनियात सही करताना साक्षीदार नसले तरी चालतं पण नंतर सही ओळखणारे दोघे लागतात. लुइझियानात तर सगळी पद्धतच वेगळी, नोटरी आणि दोन साक्षीदार एकत्र.

एक्झिक्युटरचं बघ. माझ्या शेजारणीने तिच्या जॉर्जियातल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला नेमायचं ठरवलं होतं. फ्लोरिडाबाहेर राहणारा माणूस नातेवाईक असेल तरच इथे चालतो, मैत्रीण चालत नाही. फॉर्ममध्ये नाव लिहायला जागा होती, तिने लिहिलं, फॉर्म काही बोलला नाही. बरं झालं की सही व्हायच्या आधी कुणीतरी वाचलं. टेक्सासमध्ये बाहेरचा माणूस चालतो पण त्याला टेक्सासमधला एक रेसिडेंट एजंट नेमावा लागतो कोर्टाचे कागद घ्यायला, एवढंच.

मीनू_ऑस्टिन

बाप रे, इतकं सगळं! खूप खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे मैत्रिणीचा जर्सीचा नमुना बाजूला ठेवते.

काही शंका आहेत अजून. एक, हाताने लिहिलेलं इथे चालतं म्हणताय तर आम्ही दोघांनी जायच्या आधी हातानेच लिहून ठेवलं तर? दोन, मुलांचं पालकत्व. माझे आईबाबा भारतात, नणंद ओहायोत. मनातून नणंदेकडे राहावीत असं वाटतं. तीन, आमचे बहुतेक पैसे ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) आणि लाईफ इन्शुरन्समध्येच आहेत, ते विलमध्ये कसे लिहायचे? आणि मी सिटिझन नाही याने काही फरक पडतो का?

कागदोपत्री

ताई, तिसऱ्यापासून सुरुवात करते कारण तुमच्या घरात तेच सगळ्यात मोठं आहे.

४०१के, आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं), लाईफ इन्शुरन्स हे विलने जातच नाहीत. त्या त्या खात्यावर जो बेनिफिशियरी (आपल्यानंतर पैसे मिळणारा) नोंदवलाय त्याला जातात, विलमध्ये काहीही लिहा. तेव्हा कुठलाही फॉर्म विकत घ्यायच्या आधी आज रात्री दोघांनी लॉगिन करून बेनिफिशियरी बघा, पहिला कोण आणि तो नसेल तर दुसरा कोण. लग्नाच्या आधी उघडलेल्या खात्यावर वडिलांचं नाव तसंच असतं, हे फार वेळा दिसतं. ४०१केला फेडरल कायदा आहे की लग्न झालेलं असेल तर पैसे जोडीदारालाच, दुसऱ्या कुणाला द्यायचे तर जोडीदाराची लेखी संमती लागते. आयआरएला फेडरल कायद्याचं तसं संरक्षण नाही.

आणि दुसरा बेनिफिशियरी म्हणून लहान मुलांची नावं सरळ टाकू नका. इन्शुरन्स कंपनी सहा वर्षांच्या मुलाच्या हातात चेक देत नाही, मग कोर्टाकडून त्याच्या पैशांसाठी वेगळा गार्डियन नेमून घ्यावा लागतो आणि १८ पूर्ण झाले की उरलेली सगळी रक्कम एकदम त्याच्या हातात. त्यापेक्षा टेक्सासच्या मायनर्सच्या कायद्याखाली कस्टोडियन नेमता येतो, तो २१ पर्यंत सांभाळतो, किंवा विलमध्येच मुलांसाठी ट्रस्ट तयार करायचा आणि त्याच्या ट्रस्टीला बेनिफिशियरी करायचं. रक्कम मोठी असेल तर ट्रस्टच बरा. आणि खरं सांगू का, बेनिफिशियरीच्या फॉर्मवर त्या ट्रस्टचं नाव कुठल्या शब्दांत लिहायचं ही जागा वकिलाला पैसे देण्यासारखी आहे. बरेच वकील फक्त तुम्ही भरलेलं तपासून द्यायचे वेगळे पैसे घेतात, पूर्ण पॅकेज घ्यावंच लागतं असं नाही, फोन करतानाच तसं विचारायचं.

पालकत्वासाठी नणंदेचं नाव विलमध्ये लिहा, नसतील तर दुसरं कोण तेही. त्याशिवाय टेक्सासमध्ये पालकांना विलच्या बाहेर वेगळं डिक्लरेशनही करता येतं. पण नणंद ओहायोहून येईपर्यंतचे पहिले दोन-चार दिवस मुलं कुणाकडे? तुमच्या गल्लीतली किंवा शाळेतली एखादी मैत्रीण ठरवा, तिच्याशी आणि नणंदेशी आत्ताच बोला. आणि पैसे सांभाळणारा आणि मुलं सांभाळणारा एकच असायला हवा असं नाही, कधीकधी वेगळे असलेले बरे.

हाताने लिहिण्याबद्दल, टेक्सासमध्ये संपूर्ण मजकूर तुमच्याच अक्षरात असला आणि सही असली तर साक्षीदार लागत नाहीत. अगदी काहीच जमलं नाही तर काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण प्रत्येकाने आपलं आपलं लिहायचं, दोघांचं मिळून एक नाही, आणि छापील फॉर्मच्या रिकाम्या जागा हाताने भरल्या म्हणजे हस्तलिखित विल होत नाही. मुलांचा ट्रस्ट, इंडिपेंडंट एक्झिक्युटर हे सगळं हाताने नीट शब्दांत लिहिणं अवघड आहे म्हणून मी ते शेवटचा उपाय धरीन.

सिटिझन नसल्याचा फरक विलच्या वैधतेत पडत नाही. फेडरल इस्टेट टॅक्समध्ये पडतो, सिटिझन नवरा-बायको एकमेकांना कितीही ठेवू शकतात, जोडीदार सिटिझन नसेल तर ती अमर्याद सूट नाही, त्यासाठी खास प्रकारचा ट्रस्ट लागतो. पण २०२६ साठी तशीही माणशी १ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत टॅक्स नाही त्यामुळे बहुतेक घरांना तो प्रश्न येत नाही. इथे व्हिसावर राहून कायमचं घर भारतात समजणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची सूट फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेच्या ६०,००० डॉलरपर्यंत असते, असे कुणी वाचत असतील तर त्यांनी या बाबतीत फॉर्मवर थांबू नका.

मधला_मार्ग

इथल्या घराबद्दल एक राहिलं. टेक्सासमध्ये २०१५ च्या सप्टेंबरपासून ट्रान्सफर ऑन डेथ डीड आहे, म्हणजे घरावर बेनिफिशियरी लावल्यासारखं, प्रोबेटशिवाय घर जातं. नमुना टेक्सासलॉहेल्पवर मिळेल. पण ते डीड तुमच्या हयातीत काउंटी क्लर्ककडे नोंदवलेलं पाहिजे, कपाटात ठेवलं तर शून्य उपयोग, आणि नंतर विलमध्ये वेगळं लिहिलं तरी ते डीड रद्द होत नाही. सगळ्या राज्यांत हे डीड नाहीये त्यामुळे टेक्सासचा हा फॉर्म काँडोला लावायचा नाही.

आजोळ

भारतात फ्लॅट किंवा शेतजमीन नावावर असेल तर एक फार महत्त्वाचं. इथल्या रेडीमेड विलच्या पहिल्याच ओळीत 'याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते' असं असतं. भारतात आधी मृत्युपत्र करून ठेवलं असेल तर इथला फॉर्म सही केल्याक्षणी ते रद्द होऊ शकतं, आणि उलटही. ज्यांची दोन्हीकडे मालमत्ता आहे त्यांनी दोन्ही मृत्युपत्रांत स्पष्ट लिहायचं की हे फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेपुरतं आणि ते फक्त भारतातल्या, एकाने दुसरं रद्द होत नाही. भारतातल्या जमिनीला भारताचाच वारसा कायदा लागतो, तिथेही मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत.

तिकडच्या व्यवहारासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर टेक्सासची स्टॅच्युटरी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पाठवू नका, तिकडच्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात कुणी विचारणार नाही. मजकूर तिकडच्या वकिलाकडून घ्या, इथे नोटरीसमोर सही करा, आणि ज्या राज्याचा नोटरी त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून लावायचं प्रमाणपत्र) करून घ्या. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते. डिसेंबरात जाताय तर कागद बरोबरच न्या.

मीनू_ऑस्टिन

बेनिफिशियरी आत्ताच बघितले, नवऱ्याच्या जुन्या कंपनीच्या ४०१केवर दुसरा बेनिफिशियरीच नाहीये. उद्या करतोय.

ठरलं असं की साधे कागद म्हणजे मेडिकल आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी राज्याच्या फुकट नमुन्यावर, विल सुप्रीम कोर्टाच्या फॉर्मवरून आम्ही कच्चं भरून ट्रस्टच्या भागासाठी वकिलाला दाखवायचं, आणि काँडोचं जर्सीच्या वकिलाला विचारायचं. किट विकत घेत नाही.

शेवटचं एक, सह्या घरी करू का? नोटरी बँकेत आहे पण तिथले लोक साक्षीदार व्हायला तयार नाहीत असं कळलं.

कागदोपत्री

हो, बऱ्याच बँका विलला साक्षीदार देत नाहीत, काही तर विलचं नोटरीच करत नाहीत, जायच्या आधी फोन करा. फिरता नोटरी घरी येतो, त्याला सांगा दोन विल आणि दोन-दोन पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहेत. साक्षीदार म्हणून नात्यात नसलेले दोन शेजारी बोलवा, मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीलाही तेच उपयोगी पडतील कारण तिथे दोनपैकी निदान एक साक्षीदार नात्याबाहेरचा, तुमच्याकडून काही न मिळणारा असावा लागतो, किंवा त्याऐवजी नोटरी. सगळे एका टेबलाशी बसले की मगच पहिली सही, आणि शेवटची सही होईपर्यंत कुणी उठायचं नाही. नोटरीला दाखवायच्या तुमच्या आयडीवरचं नाव विलमधल्या नावाशी जुळतंय का ते आधी बघा, आपल्याकडे लग्नानंतरचं नाव, मधलं नाव यात हमखास घोळ असतो. दोन्ही नावं वापरात असतील तर 'ऊर्फ' म्हणून दोन्ही विलमध्ये लिहा.

विलची मूळ प्रत एकच ठेवा, दोन मूळ प्रतींवर सह्या करू नका, एक हरवली तर ती मुद्दाम फाडली का असा प्रश्न येतो. पिन काढून स्कॅन करू नका, सुटी झालेली पानं बघून पान बदललं का अशी शंका घेतात. बँकेच्या लॉकरपेक्षा घरातल्या आगीपासून सुरक्षित पेटीत, किंवा टेक्सासमध्ये हयात असतानाच काउंटी क्लर्ककडे विल जमा करून ठेवता येतं, फी किरकोळ असते. एक्झिक्युटरला मूळ प्रत कुठे आहे ते सांगा. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मात्र आत्ताच बँकेत दाखवून ठेवा, टेक्सासमध्ये कागद दिल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने तो स्वीकारायचा किंवा अजून काय हवंय ते विचारायचं असा नियम आहे, आणि काही अडलं तर तुम्ही इथे असतानाच सुधारता येईल.